आजोबांच्या घड्याळातली सतरा माणके: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मोबाइलवरून हातोहात फिरणारा एक संदेश गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: घरात आजोबांचे चावीचे घड्याळ पडून असेल तर ते लाखमोलाचे आहे, कारण त्याच्या मशीनमध्ये सतरा अस्सल माणके बसवलेली असतात, ‘सोना’ नावाच्या घड्याळात सोने असते, एचएमटी या सरकारी कंपनीचा कारखाना बंद पडल्यामुळे ही घड्याळे आता दुर्मीळ झाली आहेत, विकण्याआधी तबकडी नवी करून घ्यावी, म्हणजे दुप्पट भाव येतो, चावी कधीही पूर्ण देऊ नये, स्प्रिंग तुटते, घड्याळ चालत असेल तर ते उघडण्याची गरज नाही, आणि सेलवरची घड्याळे मात्र कवडीमोलाची असतात. मी गेली बारा वर्षे नाशिकमध्ये जुनी मनगटी घड्याळे गोळा करते, ती दुरुस्त करायला शिकले आहे आणि रोज त्यांतले एक बांधूनच घराबाहेर पडते. या संदेशातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि त्यातली दोन विधाने तर चांगल्या घड्याळांचे कायमचे नुकसान करत आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

माणकांपासून सुरुवात करते. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे इंग्रजीत छापलेले असते आणि मशीनमध्ये सतरा गुलाबी-लाल खडे खरोखरच असतात. रासायनिकदृष्ट्या ते माणिकच असते, पण ते खाणीतून आलेले नसते. ऑग्युस्त व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीत वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर घड्याळांत असे कारखान्यात बनवलेले खडेच वापरात आले. हे खडे शोभेसाठी नसून घर्षण कमी करण्यासाठी असतात. पोलादी आस पितळेच्या भोकात वर्षानुवर्षे फिरत राहिला, तर भोक झिजून लांबट होते. माणिक अतिशय कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यात बसवलेला आस फारसा झिजत नाही आणि तेलाचा थेंबही जागच्या जागी राहतो. सतरा खड्यांची नेहमीची मांडणी सांगायची तर बॅलन्स चाकाच्या (मागे-पुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या) दोन टोकांना दोन-दोन मिळून चार, त्याला ठोक्याचा धक्का पोहोचवणारा एक, पॅलेटच्या (चाकांना ठोक्यागणिक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या तरफेच्या) दातांचे दोन, पॅलेटच्या आसाचे दोन, आणि एस्केप चाकापासून (पॅलेट ज्याला अडवते-सोडते त्या चाकापासून) मधल्या चाकापर्यंतच्या चार चाकांना प्रत्येकी दोन. यातला एकेक खडा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा असतो. एका तरुणाने आजोबांच्या घड्याळाचे मशीन घरीच सुटे करून ते सराफ बाजारात दाखवायला नेले होते. तिथे अर्थातच कोणी भाव केला नाही, आणि नंतर ते सगळे भाग माझ्याकडे औषधाच्या एका डबीत आले. त्यात हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स चाकाला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, अशी पिळवटलेली होती, की ती सरळ करण्याच्या पलीकडे गेली होती. पन्नास वर्षे चाललेले मशीन त्या एका दुपारी संपले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

‘सोना’बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एचएमटीचे ‘सोना’ हे सोन्याचा मुलामा दिलेले, पातळ आणि देखणे चावीचे घड्याळ आहे. ते सोन्याचे घड्याळ नाही. पाच मायक्रॉन जाडीचा मुलामा दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर आहे असे धरले, तरी त्यातले सोने साधारण एक दशांश ग्रॅम भरेल.

दुर्मीळतेचा दावा मात्र नीट तपासायला हवा, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला, पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथे आणखी कारखाने उभे राहिले, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. पण कारखाना बंद झाला म्हणून त्याने आधी बनवलेला माल दुर्मीळ होत नाही. मधल्या दशकांत या कारखान्यांतून कोट्यवधी घड्याळे बाहेर पडली. नाशिकपुरते बोलायचे तर ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे छापखाने, देवळालीची छावणी, सातपूरच्या कंपन्या, सगळीकडच्या नोकरदारांच्या मनगटावर एके काळी हीच घड्याळे दिसत. मॅट्रिक पास झाल्यावर, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात हेच घड्याळ दिले जाई. त्यामुळे ज्या घराची जुनी कपाटे उघडावीत तिथे एचएमटीचे एखादे ‘जनता’ किंवा ‘पायलट’ घड्याळ निघतेच. साधे, चालू स्थितीतले ‘जनता’ आजही काही हजार रुपयांत मिळते आणि लाखांचा त्याच्याशी संबंध नाही. काही मोजक्या प्रकारांना शोधणारे लोक आहेत, हे खरे. पण तेही पहिला प्रश्न विचारतात तो घड्याळ मूळ स्थितीत आहे का, हाच.

कारखाना बंद झाल्याचा खरा परिणाम सुट्या भागांवर झाला आहे. बॅलन्सचा आस मोडला किंवा चावीची दांडी गंजून तुटली, की तो भाग दुसऱ्या बंद घड्याळातून काढून बसवावा लागतो. म्हणून बंद पडलेले, काच फुटलेले घड्याळ भंगारात देऊ नये. त्याच्या आतले एखादे चाक दुसऱ्या कोणाच्या वडिलांचे घड्याळ चालू करू शकते.

आता तबकडी नवी करण्याच्या सल्ल्याकडे येते. सगळ्यांत जास्त हानी या सल्ल्याने केली आहे. आमच्या पंचवटीतल्या जुन्या शेजारीण काकू दिवाळीनंतर एक पाकीट घेऊन आल्या. आत काकांचे ‘जनता’ होते. काका नाशिकरोडला छापखान्यात नोकरीला होते आणि हे घड्याळ मी लहानपणापासून त्यांच्या हातावर पाहिले होते. पांढरट, कडेने किंचित पिवळी पडलेली तबकडी, त्यावर देवनागरीत बारीक अक्षरांत ‘जनता’, खाली पॅराशॉक (धक्क्यापासून बचावाची सोय) आणि सतरा ज्वेल्सची ओळ, हे सगळे मला डोळे मिटूनही आठवते. पाकिटातल्या घड्याळाची तबकडी मात्र भडक निळी होती. संदेश वाचून काकूंच्या मुलाने ती एका कारागिराकडून नवी करून घेतली होती आणि जुन्या तबकडीचे काय झाले हे कोणी विचारलेही नव्हते. भिंगाखाली धरल्यावर दिसले, की ‘जनता’मधल्या ‘न’ची गाठ शाईने भरून गेली होती, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या आणि सहाजवळची ओळ तिरकी झाली होती. नवीन तबकडी म्हणून बहुतेक वेळा जे केले जाते, ते असेच असते: जुन्या तबकडीवरचा रंग आणि छपाई घासून किंवा रसायनाने काढून टाकतात आणि त्याच धातूवर नवा रंग देऊन पुन्हा छापतात. मूळ छपाई एकदा गेली की ती परत आणता येत नाही.

भाव दुप्पट होतो हा दावाही उलटा आहे. जुनी घड्याळे विकत घेणारा जाणकार माणूस सर्वांत आधी तबकडी भिंगाखाली धरतो, आणि ती पुन्हा छापलेली निघाली की किंमत कमी सांगतो किंवा घड्याळ परत करतो. पुन्हा रंगवलेल्या, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून चमकदार केलेल्या भारतीय घड्याळांची परदेशी ग्राहकांत इतकी वाईट ख्याती झाली, की अशा मालाला ‘बॉम्बे स्पेशल’ असे नावच पडले आहे. माझे मत स्पष्ट आहे: तबकडीवरचा पिवळेपणा, बारीक डाग, एखादी पुसट झालेली खूण, हे दोष नाहीत. ओल्या कापडानेही मूळ तबकडी पुसू नये, कारण छपाईवरचा लाखेचा पातळ थर उचलला गेला तर अक्षरेही त्याबरोबर निघतात. काच धूसर झाली असेल तर ती जरूर बदलावी किंवा पॉलिश करावी. जुन्या घड्याळांची काच बहुधा ॲक्रिलिकची असते, तिच्यावरचे ओरखडे पॉलिशने सहज जातात, आणि नुसती काच स्वच्छ झाली तरी घड्याळ ओळखू येणार नाही इतके बदलते.

याच संदर्भात आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. मराठीत अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही गोष्टीला आपण ‘रेडियम’ म्हणतो. गाडीच्या मागे लावतात त्या पट्ट्यांनाही रेडियम म्हणतात, आणि त्यांत रेडियमचा कणही नसतो. त्यामुळे जुन्या घड्याळाच्या काट्यांवरचे रेडियम हा शब्द कोणाला भीतीचा वाटत नाही. पण १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरेखुरे रेडियम मिसळलेला रंग लावलेला आहे, आणि अशी घड्याळे आपल्याकडच्या जुन्या घरांतही निघतात. तो रंग आता चमकत नाही, कारण त्यातले चमकणारे द्रव्य निकामी झालेले असते. रेडियम मात्र तसेच असते, त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी निमुळते करत आणि त्यातून अनेकींना जीवघेणे आजार झाले, हा इतिहास नोंदलेला आहे. बंद झाकणाच्या आत हा रंग असताना ते घड्याळ हाताळणे वेगळे आणि तबकडी नवी करण्यासाठी तो कोरडाच खरवडून त्याची धूळ श्वासात घेणे वेगळे. घरी बसून हे कोणीही करू नये.

पूर्ण चावी दिल्याने स्प्रिंग तुटते, हा समज मी माझ्या आजीकडूनही ऐकला आहे, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. तरीही तो चूक आहे. चावीचे घड्याळ पूर्ण भरले की चावी पुढे फिरत नाही. तिथे थांबायचे, एवढेच. जोर करून त्यापुढे पिळले तर मोडतोड होईल, पण त्याला कोणीच पूर्ण चावी देणे म्हणत नाही. हा समज पसरण्याचे कारण असे असावे, की बंद पडलेले घड्याळ लोक पाहतात तेव्हा त्याची चावी गच्च भरलेली असते. ते बंद पडलेले असते वाळलेल्या तेलामुळे किंवा अडकलेल्या कचऱ्यामुळे. स्प्रिंग पूर्ण ताणलेली असूनही चाके हलत नाहीत, आणि दोष चावीला दिला जातो. उलट अर्धवट चावी दिली तर स्प्रिंगचा जोर लवकर उतरतो, बॅलन्स चाकाची झेप कमी पडते आणि घड्याळाची वेळ बिघडते. रोज एका ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी, चावी थांबेपर्यंत द्यावी. सेकंदाला पाच ठोके देणारे मशीन दिवसात चार लाख बत्तीस हजार ठोके देते, आणि त्या प्रत्येक ठोक्याला सारखा जोर मिळावा यासाठीच ही शिस्त आहे. एवढे करूनही असे घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंद पुढे-मागे झाले, तर ते बिघडले आहे असे समजू नये.

सेलच्या घड्याळांविषयीचे विधान मला अन्यायाचे वाटते. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यामुळे वेळेच्या बाबतीत साधे सेलचे घड्याळही चावीच्या घड्याळाला सहज मागे टाकते. अशी जुनी घड्याळेही जपून ठेवावीत. फक्त वापरात नसतील तर त्यांतला सेल काढून ठेवावा, कारण सेल पाझरला की आतला सर्किटचा भाग खाल्ला जातो.

आता उरलेला दावा, चालते तोवर उघडू नका, हा वरवर शहाणपणाचा वाटतो. पण चालणारे घड्याळ आणि सुस्थितीतले घड्याळ यांत फरक आहे. आतले तेल काही वर्षांत घट्ट होते, त्यात धूळ आणि धातूचा कीस मिसळतो, आणि मग तेच मिश्रण सहाणेवर घासल्यासारखे आसांना झिजवू लागते. बॅलन्सच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाडीचे असते. तेवढी जागा झिजायला वेळ लागत नाही, आणि घड्याळ झिजत असतानाही चालत राहते. नाशिकचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असते, चावीच्या बाजूने ती आत शिरते, आणि गोदेच्या पुराचे पाणी ज्या घरांत आणि दुकानांत येऊन गेले आहे तिथली घड्याळे तर आतून तांबूस झालेली मी पाहिली आहेत. रोज वापरातले घड्याळ चार-पाच वर्षांनी पूर्ण सुटे करून, धुऊन, योग्य जागी योग्य तेल देऊन पुन्हा जुळवायला हवे. अख्खे मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणे म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. सुरुवातीच्या काळात एका दुकानातून मी माझे एक घड्याळ असे करून आणले होते आणि आठ महिन्यांत ते थांबले.

आपल्या वडीलधाऱ्यांनी ही घड्याळे न उघडता आयुष्यभर वापरली, असे याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. त्याची शहानिशा करण्याची एक सोपी जागा आहे. जुने कारागीर घड्याळ दुरुस्त केल्यावर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख किंवा स्वतःची खूण कोरत असत. काकांच्या ‘जनता’चे झाकण मी उघडले तेव्हा आत अशा सहा खुणा होत्या, पहिली १९७४ ची आणि शेवटची १९९६ ची, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या, आणि त्यांच्यामध्ये कधीही पाच वर्षांहून जास्त अंतर नव्हते. काकूंनी ते भिंगातून पाहिले, दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “हे दर वेळी मेन रोडला जाऊन यायचे, मला वाटायचे पट्टा बदलायला जातात.”