सगळा वर्ग 'गोष्ट' लेव्हलला कसा आणायचा (पोरांना त्रास न देता)

या गुरुजी, या बाई, बसा. दुसरी-तिसरीचा वर्ग मिळालाय, सोमवारी सकाळी अकराच्या आत वाचनस्तराची माहिती, म्हणजे कुठलं पोरगं 'प्रारंभिक', 'अक्षर', 'शब्द', 'परिच्छेद', 'गोष्ट' यातल्या कुठल्या पायरीपर्यंत वाचतंय ते, लिंकवर भरायचीय, आणि ग्रुपवर मेसेज पडलाय शनिवारी शाळा सुटल्यावर. बरोबर ना? मग एवढं तोंड पाडून काय बसलाय, चहा घ्या आधी. एकोणीस वर्षं झाली मला या धंद्यात, शंभर टक्क्यांच्या खाली वर्ग कधी जाऊ दिला नाही, आणि त्यासाठी पोरांना वाचायला लावायची वेळ पण फार वेळा आली नाही.

पहिलं काम, हजेरीपट काढा आणि डोळे मिटून वर्ग आठवा. पहिल्या बाकावरची सगळी 'गोष्ट', मधली 'परिच्छेद', खिडकीकडची 'शब्द', आणि जी महिनाभर आलीच नाहीत त्यांना 'अक्षर' टाका, नसलेल्या पोराची तक्रार येत नाही. 'प्रारंभिक'चा रकाना मात्र रिकामा ठेवायचा. तिथं एक जरी आकडा दिसला की केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणाऱ्या साहेबांचा फोन, मग कृती आराखडा, मग त्या आराखड्याचा आढावा, आणि त्या सगळ्यात ते पोरगं चौथीत जातंय.

पण एक लक्षात ठेवा, हे शंभर टक्के वर्षाच्या शेवटी दाखवायचे असतात. जूनमध्येच सगळ्यांना वर चढवलं तर प्रगती कुठून दाखवणार? वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीला जरा हात आखडता घ्या. नवीन लोक इथंच चुकतात, उत्साहात खरं भरतात.

आता समजा कोणीतरी साहेब आलेच आणि म्हणाले माझ्यासमोर वाचून घ्या. घाबरायचं नाही. असरवाल्यांची, म्हणजे पोरांचं वाचन तपासून अहवाल काढणाऱ्या सर्वेवाल्यांची पद्धत तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितली असेल, आधी परिच्छेद द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, पाचातले चार आले की पास, नाहीतर अक्षरं. आणि मजकूर पोरानं आधी न बघितलेला पाहिजे. ही पद्धत आपल्याला परवडत नाही. ते लोक तर घरी जाऊन तपासतात, म्हणून तर त्यांचे आकडे असले येतात, देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या पोरांपैकी दुसरीचा मजकूर वाचणारी 2022 मध्ये 16.3 टक्के आणि 2024 मध्ये 23.4. आमच्या केंद्रात या बसा, एका शनिवारात दाखवतो शंभर.

तर मजकूर कुठला द्यायचा? पुस्तकातला चौथा धडा, जो रोज सकाळी सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलेला असतो तो. माझा एक दुसरीतला पठ्ठ्या असा घडाघडा वाचायचा की बाहेर व्हरांड्यात माणूस थांबावा. एप्रिलचा महिना, आपलं सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, फॅन फुल्ल वर. साहेबांसमोर हा उभा राहिला, बोट ओळीखाली, मान डुलतीय, आणि मध्येच फॅनच्या वाऱ्यानं पुस्तकाची दोन पानं उलटली. समोर आलं झाडाचं चित्र, मजकूर दुसऱ्याच धड्याचा. पोरगं थांबलंच नाही ओ. बोट झाडाच्या बुंध्यावरून फिरतंय आणि तोंडातून आधीच्या धड्यातला कोल्हा चाललाय. साहेब मोबाईलमध्ये होते, मान वर करून म्हणाले, "व्हेरी गुड, उच्चार स्पष्ट आहेत." मी 'गोष्ट' लिहून टाकलं. गोष्टच होती ती.

आता आलं निपुण भारत, लहान पोरांना वाचता-गणित करता यावं म्हणून केंद्र सरकारचं अभियान, 2021 पासून, म्हणजे मिनिटाचा हिशोब आला. दुसरीच्या पोरानं मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचायचे, तिसरीत किमान 60, आणि समजून. 'समजून' हा शब्द सोडून द्या, घड्याळाला तो कळत नाही. मिनिटाचं मात्र शास्त्र आहे. आपल्या मराठीत 'घरासमोरच्या' हा पण एक शब्द आणि 'तो' हा पण एकच शब्द. मग शहाण्या माणसानं कुठला उतारा निवडायचा? तो आला. ती गेली. मी पण गेलो. असला उतारा दिला की मिनिटात सत्तर कुठं गेले नाहीत. आणि 'वर्गशिक्षकांच्यासुद्धा' असलं काही उताऱ्यात आलं तर खोडरबर कशासाठी दिलंय? रफार, जोडाक्षर, सगळं साफ. एका बाईंनी प्रामाणिकपणे कठीण उतारा दिला होता, त्यांच्या वर्गाचा स्पीड बत्तीस आला आणि बाईंना जिल्ह्याला ट्रेनिंगला जावं लागलं, मे महिन्यात.

प्रश्न विचारायच्या भानगडीत तर पडूच नका. मी एकदा पडलो. अक्कलकोटकडून आलेलं पोर, घरी कन्नड, आपली शाळा मराठी माध्यमाची. 'आजी अंगणात बसली' असं छान वाचलं. म्हटलं, सांग बरं, आजी कुठं बसली? गप्प. परत विचारलं, गप्प. खाली मान घालून बटण पिरगळत बसलं. मी पेन उचललं आणि 'शब्द' लिहायला लागलो, तेवढ्यात शेजारच्यानं त्याच्या कानात कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि हा ताडकन म्हणाला, "अंगळदाग!" घ्या. अंगण आणि अंगळ, शब्द हाताच्या अंतरावर, पोरगं अडलं होतं ते माझ्या प्रश्नात. पण लिंकवर 'शिक्षकाचा प्रश्न पोराला कळला नाही' असा ऑप्शन नाही. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही माध्यमांच्या शाळा आहेत, गल्लीत पोरं चारही भाषांत भांडतात, लिंक मात्र एकच आहे आणि ती रात्री बारालाच उघडते.

फोटोचं विसरू नका. जिओटॅग पाहिजे. पोराच्या हातात पुस्तक, तुम्ही बाजूला वाकलेले, मागं भिंतीवर क्यूआर कोड. पुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात क्यूआर कोड शुभ मानतात, स्कॅन होतो का नाही ते कोण बघतंय. पुस्तक सुलटं धरलंय ना एवढं बघा, बाकी चालतंय.

शेवटचं सांगतो, उठा मग. मागच्या वर्षी असाच लिंक भरून मोकळा झालो आणि आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी सोलापूरच्या पूर्व भागात एका मुलीच्या घरी गेलो. तिसरीतली, महिनाभर गैरहजर, म्हणून आपल्या नियमाप्रमाणं 'अक्षर'. दारात आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, हात काही थांबत नव्हते, आणि ही समोर बचत गटाची नोटीस धरून वाचत होती. हळू वाचत होती, मिनिटाला वीस शब्द पण नसतील. 'थकबाकी' दोनदा फोडला, 'विलंब' ला थांबली, मागं गेली, परत वाचला, आणि मग आईला तेलुगूत सांगितलं की पंधरा तारखेच्या आत नाही भरले तर वरून दंड आहे. आईनं विचारलं किती, तर तिनं खाली बोट नेऊन आकडा पण शोधून काढला. मला बघून नोटीस पाठीमागं लपवली, वाटलं असेल सर रागावतील शाळेला न येता हे काय वाचतेस.

रात्री लिंक उघडली. फॉर्म सबमिट झालेला, एडिट बंद. मी पण फार मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या चाचणीत तिला 'गोष्ट' टाकली, 'अक्षर'वरून थेट 'गोष्ट', अख्ख्या केंद्रात एवढी प्रगती कुणाचीच नव्हती, केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझा सत्कार झाला, शाल अजून घरात आहे.