उत्तर आलं, पण स्टेप्स कुठायत?

एक्स अधिक ५ बरोबर १२. हे गणित आमच्या चिरंजीवांनी दारात बूट काढता काढता सोडवलं. "सात," असं म्हणून ते फ्रीजकडे वळले. त्यानंतरची अख्खी संध्याकाळ हे सात आले कुठून, ते वहीत लिहिण्यात गेली.

सहावीच्या गणितात समीकरणांचा धडा आहे. दिसायला अगदी गरीब. एखादी बेरीज, नाहीतर एखादा गुणाकार, की झालं. गोम इथेच आहे. गणित अवघड असतं तर पोरगं मुकाट शरण आलं असतं. इथे उत्तर त्याला आधीच कळलेलं असतं, आणि आपण त्याला सांगत असतो की तुला कळलेलं नाही असं समज आणि चार ओळी लिही. घरात आरामात बसलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर काढायचं, दाराला कुलूप लावायचं आणि मग किल्लीने दार कसं उघडतात ते शिकवायचं, तशातली गत.

"बाई म्हणाल्यात, डायरेक्ट उत्तर लिहिलं तर मार्क कापणार."

"मग लिही ना स्टेप्स!"

"पण स्टेप्स नाहीचेत. मला एकदम दिसलं."

मी बँकेत नोकरी करते. 'एकदम दिसलं' या सबबीवर आमच्याकडे साधं व्हाउचर पास होत नाही. त्यामुळे पदर खोचून मीच शिकवायला बसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची त्याची मैत्रीणही वही घेऊन आली. बँकेतल्या माणसाचं गणित चांगलं असतं, अशी तिच्या आईची समजूत आहे. ती दूर करायला मला अजून वेळ झालेला नाही.

सुरुवातीलाच चिरंजीवांची रफ वही हाती लागली. त्यात लिहिलं होतं:

३२ + १८ = ५० × ४ = २०० − २५ = १७५

"म्हणजे ३२ अधिक १८ बरोबर १७५?"

"नाही गं आई, ते पुढे पुढे जातंय."

मुलांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर येतंय, सरसावून बसा' अशी घोषणा असते. कॅल्क्युलेटरवरचं ते बटण हेच करतं, मग त्यांना तरी काय दोष द्यायचा? अलीकडे आणि पलीकडे सारखंच आहे, हा अर्थ त्यांच्या गावीही नसतो. मी मुद्दाम १२ = एक्स + ५ असं लिहून दिलं, तर मैत्रीण म्हणाली, "काकू, तुम्ही उलटं लिहिलंत."

हे चिन्ह छापून आणलं रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या डॉक्टरने, १५५७ साली. 'च्या बरोबर आहे' असं पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दोन वस्तू जगात सापडायच्या नाहीत, म्हणून त्याने दोन लांबलचक रेघा मारल्या. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात वारला, पैसे थकवल्याबद्दल. बदनामीच्या खटल्यातली भरपाई त्याला भरता आली नव्हती. दोन्ही बाजू जुळवायचं चिन्ह जगाला देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दोन बाजू शेवटी जुळल्याच नाहीत. ही गोष्ट मी बँकेत सांगते तेव्हा कर्जविभागातले लोक हळहळतात. घरात सांगितली तर मैत्रिणीने विचारलं, "परीक्षेत आहे का हे?"

तर मग तराजू. समीकरण शिकवायचं तर तराजूचं चित्र काढायचं, हा रिवाज आहे. मीही काढलं. चिरंजीव म्हणाले, "हे कोर्टाचं आहे ना?"

खरंच की! आमच्या भाजीवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा, वाण्याकडे तोच, सोनाराकडे काचेच्या पेटीतला. वजन म्हणजे लाल आकडे. दोन पारड्यांचा तराजू या मुलांनी फक्त त्या डोळे बांधलेल्या बाईच्या हातात पाहिलेला. ज्याच्या आधाराने समीकरण समजवायचं तो आधारच आधी समजवावा लागणार होता.

मग कपड्यांचा हँगर, सुतळी आणि श्रीखंडाचे दोन रिकामे डबे असा सरंजाम खिडकीच्या गजाला टांगला. टांगल्याबरोबर तो डावीकडे झुकला. दोन्ही डबे रिकामे, तरी झुकला.

"म्हणजे शून्य बरोबर शून्य नाहीये," चिरंजीव आनंदाने म्हणाले.

मी सुतळीच्या गाठी सोडत बसले. सासूबाई आतून मटार सोलत बघत होत्या. त्यांच्या वडिलांचं चाळीसगावला किराण्याचं दुकान होतं. "अगं, गाठी कसल्या सोडतेस, पासंग लाव," म्हणत त्या उठल्या, पानाच्या डब्यातून सुपारीचं खांड काढलं, उजव्या डब्यात टाकलं, बोटाने दांडी एकदा हलवून पाहिली, खांडाचा एक तुकडा अडकित्त्याने उडवला आणि परत मटारांकडे गेल्या. हँगर सरळ.

मग एका पुडीत सात रुपयांची नाणी गुपचूप बांधली. डावीकडे पुडी आणि सुटी पाच, उजवीकडे बारा. दांडी सरळ राहिली, तेव्हा मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. "आता पुडी एकटी उरायला हवी. काय कराल?" मैत्रिणीने तत्काळ डावीकडची पाच नाणी उचलली. उजवा डबा धाडकन खाली गेला, हँगर गजावरून निसटला आणि नाणी सोफ्याखाली पसरली. एका बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूचंही तेवढंच काढायचं, हे मी बडबडून सांगत होते, ते त्या आवाजाने एका क्षणात सांगितलं. सोफ्याखालून अकराच नाणी निघाली.

"मग आता एक्स सहा," चिरंजीव म्हणाले.

पुढचं गणित: एक्स वजा ३ बरोबर ६. इथे मैत्रिणीने आक्षेप नोंदवला. "एक्स नऊ कसा? मघाशी सात होता."

बिनतोड होतं. एखाद्याने दर व्यवहाराला वेगळी सही केली तर मीही त्याला हेच विचारीन. मी तिला भास्कराचार्यांचं सांगितलं. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या नातवाचं, चांगदेवाचं नाव आहे, त्यामुळे सासूबाईंच्या हिशेबी ते माहेरचे. तर ११५० च्या सुमाराला त्यांनी बीजगणित लिहिलं, त्यात पहिल्या अज्ञात संख्येला म्हटलंय 'यावत्तावत्', म्हणजे जेवढं असेल तेवढं. एकाहून जास्त असतील तर पुढच्यांना रंग दिलेत: काळक, नीलक, पीतक.

"मग रंगच ठेवायचे ना," मैत्रीण म्हणाली, "वही तरी छान दिसली असती."

"आणि त्या नातवाने," सासूबाई आतून म्हणाल्या, "आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. आमच्या नातवाच्या पुस्तकाला अजून कव्हर नाही."

एवढ्यात ऑफिसातून आमचे हे आले. पाण्याचा पेला हातात घेऊनच वहीत डोकावले. "काय तराजू नि बिराजू लावलंयस! अरे, सोपंय. पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. बस्स!" आणि आंघोळीला गेले. गणित शिकवणाऱ्या नवऱ्यांची ही एक जातच आहे. मंत्र देऊन जातात, निस्तरणारे निस्तरतात.

पुढचं गणित होतं ३एक्स = १२. चिरंजीवांनी ३ पलीकडे नेले, भागाकाराला लावले, वर दिलेल्या मंत्राप्रमाणे चिन्हही बदललं. एक्स बरोबर उणे ४.

"उणे कुठून आलं?"

"बाबा म्हणाले."

बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून खुलासा मागितला. आतून आवाज आला, "गुणाकाराचा भागाकार होतो रे, पण तिथे उण्याचं नाही करायचं!" "मग चिन्ह बदलतं का म्हणालात?" यावर नळ मोठा सोडल्याचा आवाज आला.

उणे खोडलं. चार उरले. म्हटलं, आता ताळा करून बघ, एक्सच्या जागी ४ घाल. त्याने इमानदारीत ३ च्या शेजारी एक्स खोडून ४ लिहिला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला.

"आई, ताळा जुळत नाही. चौतीस येतायत."

३ आणि एक्स यांच्यामध्ये गुणिलेचं चिन्ह असतं, पण ते लिहायचं नसतं. कारण काय, तर ते एक्ससारखं दिसतं. असं मी सांगितल्यावर दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी काउंटरवर रोज बघते. 'मिनिमम बॅलन्स' या शब्दानंतर.

शेवटी मी ठेवणीतलं काढलं. १७एक्स = ४०८. घे, हे बघून सांग. इथे तरी दोन्ही बाजूंना १७ ने भागावं लागेल, अशी माझी खात्री. चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. "सतरा वीस तीनशेचाळीस... अडुसष्ट उरले... सतरा चोक अडुसष्ट. चोवीस!" आणि वर, "स्टेप्स कशाला लागतात गं?"

रात्री तो गृहपाठ लिहीत होता तेव्हा मी मागे जाऊन उभी राहिले. त्याने प्रत्येक गणित उतरवलं, खाली तीन ओळी मोजून रिकाम्या सोडल्या आणि चौथ्या ओळीवर उत्तर लिहिलं. पान असं भरल्यावर मग पहिल्यापासून मधल्या ओळी भरत आला: दोन्ही बाजूंतून ५ वजा करू, दोन्ही बाजूंना ३ ने भागू. शाई एकसारखी, अक्षर वळणदार.

मी रागवणार होते. पण ऑडिटच्या आदल्या रात्री आमच्या शाखेत सगळे उशिरापर्यंत थांबून नेमकं काय करत असतात, ते आठवलं आणि मुकाट्याने दूध गरम करायला गेले.

वही तपासून आली. दहापैकी दहा. खाली लाल शाईत शेरा: स्टेप्स अतिशय व्यवस्थित.