‘मग या रंगीत चित्रांचा उपयोग काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडिलांच्या मेंदूतली गाठ साध्या एमआरआयमध्ये दिसली होती, तरी फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कुठलं काम करतो ते दाखवणारा) आणि ट्रॅक्टोग्राफी (मेंदूतल्या तंतूंचे मार्ग दाखवणारी) करायला लावली. एवढं करूनही ऑपरेशननंतर त्यांचा उजवा हात उचलत नाही. मग ही रंगीत चित्रं बिल वाढवायलाच का, असं तुम्ही विचारलंय. तुमचा राग रास्त आहे, आणि त्यातला काही माझ्याही वाट्याचा आहे. मागच्या लेखात मी या तपासण्यांचं कौतुक केलं, त्या कुठे कमी पडतात ते लिहिलं नाही.

साध्या एमआरआयमध्ये गाठ कुठे आहे ते दिसतं. हात हलवणाऱ्या तंतूंची जुडी गाठीच्या कुठल्या अंगाने गेली आहे, ते त्यात कळत नाही. गाठ वाढते तशी ही जुडी बाजूला ढकलली जाते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून ट्रॅक्टोग्राफी जुडीचा माग काढते. शांघायच्या डॉक्टरांनी 2007 साली 238 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या गाठी या जुडीला भिडलेल्या. हा नकाशा वापरून ऑपरेशन केलं तिथे 15.3 टक्के रुग्णांची हातापायांची ताकद घटली, न वापरता केलं तिथे 32.8 टक्के. म्हणजे धोका निम्म्यावर आला, पण उरलाच. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

तो उरतो, कारण कवटी उघडली की मेंदू जागचा सरकतो आणि नकाशा मात्र आदल्या दिवशीचा असतो. गाठीभोवती सूज असेल तर शाबूत तंतूही चित्रात तुटलेले दिसतात. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर चालतो; गाठीजवळच्या रक्तवाहिन्या प्रतिसाद देईनाशा झाल्या तर काम करणारा भागही कोरा दिसतो. म्हणून कोरी जागा दिसली की ती बिनधास्त कापायची, असं कुठलाही जाणता सर्जन करत नाही. तो मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून खात्री करून घेतो, भाषेचा भाग असेल तर रुग्णाला जागं ठेवून.

तपासणी कशी करून घेतली यावरही बरंच ठरतं. एका आजींना आमच्याकडे हिंदीत सूचना दिल्या होत्या, भाषेचा नकाशा जवळजवळ रिकामा आला. मग मी माइकवर सांगितलं, ‘आजी, मंडईतल्या भाज्या एकेक करून मनात म्हणा. ओठ हलवू नका.’ या वेळी डाव्या कपाळामागचा भाग स्पष्ट उजळला. मशीनमधून बाहेर आल्यावर त्यांनी मेथी, शेपू, अंबाडीपासून अख्खी यादी मला म्हणून दाखवली.

बिलाबद्दल तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. गाठ बोलण्या-हालचालीच्या भागांपासून लांब असेल तर हे नकाशे सहसा लागत नाहीत. तिथे नातेवाइकांनी ‘यामुळे ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलणार?’ असं विचारायलाच हवं.

आता वडिलांविषयी. फिल्म न पाहता मी निदान करणार नाही. पण ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांत केलेला एमआरआय असेल तर तो घेऊन सर्जनना भेटा. जुडी शाबूत आहे का, शेजारी रक्तपुरवठा तुटल्याची खूण आहे का, आणि गाठ कपाळाच्या मागच्या-वरच्या, हालचालीची आखणी करणाऱ्या भागात होती का, हे तीन प्रश्न विचारा. जुडी शाबूत असून गाठ त्या भागात असेल, तर असा अशक्तपणा बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. तोवर फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका.