लॅनार्क चार वर्षं थांबलं

अहमदाबादचं विमान 12 जून 2025 ला पडलं आणि पुढचा महिनाभर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विमानतज्ज्ञांचं पीक आलं. 12 जुलैला प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदभराच्या अंतराने बंद झाले, एका वैमानिकाने दुसऱ्याला 'बंद का केलंस' असं विचारलं, दुसरा म्हणाला, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं, ते त्यात नव्हतं. ग्रुपवर मात्र जेवणाच्या आत निकाल लागला: मुंबईच्या कॅप्टननेच केलं. त्याचे नव्वदीचे वडील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. नोव्हेंबरात न्यायमूर्तींना त्यांना सांगावं लागलं की हे ओझं तुम्ही मनावर घेऊ नका.

पुण्याचा मावसभाऊ तेव्हा मला म्हणाला, "तुमच्याकडे स्कॉटलंडात बरं आहे, लोक रिपोर्टची वाट बघतात." बघतात खरे. पण ती वाट किती लांब असते, हे त्याला लॅनार्कवरून सांगावं लागलं.

लॅनार्क ग्लासगोच्या आग्नेयेला आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. कॉलिन मॅकरे तिथला. 1995 साली मोटारींच्या रॅली शर्यतींचं जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला ब्रिटिश. त्याची निळी-पिवळी सुबारू आमच्या पिढीने सायबर कॅफेतल्या गेममध्ये तासाला पैसे मोजून चालवली आहे. 15 सप्टेंबर 2007 ला तो स्वतः चालवत असलेलं हेलिकॉप्टर घराजवळच्या माउस वॉटरच्या दरीत कोसळलं. सोबत त्याचा पाच वर्षांचा मुलगा, मुलाचा सहा वर्षांचा मित्र आणि एक कौटुंबिक स्नेही होता. चौघेही गेले.

ब्रिटनच्या हवाई अपघात-तपास विभागाचा अहवाल आला फेब्रुवारी 2009 मध्ये. मॅकरेच्या वैमानिक परवान्याची मुदत 2005 मध्येच संपली होती. त्या प्रकारचं हेलिकॉप्टर चालवण्याची पात्रताही 2007 मध्ये संपलेली. स्नेह्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण हाती लागलं होतं, त्यात हेलिकॉप्टर कमी उंचीवरून आणि वेगात जाताना दिसत होतं. एवढं असूनही तपासनीसांनी लिहिलं की नेमकं कारण ठामपणे सांगता येत नाही. तांत्रिक बिघाड संभवत नाही, पण तो पूर्णपणे नाकारताही येत नाही. हे वाक्य मला फार आवडतं. आपल्याकडच्या एखाद्या वाहिनीवर असं बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावणार नाहीत.

त्यानंतर इथली खास स्कॉटिश पद्धत: फेटल अ‍ॅक्सिडेंट इन्क्वायरी, म्हणजे जीवघेण्या अपघाताची न्यायालयीन चौकशी. ती शेरीफपुढे चालते. (हा न्यायाधीश असतो, मुंबईच्या नगरपालासारखं मानाचं पद नव्हे.) सरकारी वकील खुल्या न्यायालयात पुरावा मांडतो, मृतांच्या घरच्यांनाही प्रश्न विचारता येतात. शिक्षा कोणालाच नाही, भरपाईही तिथे ठरत नाही. फक्त काय झालं आणि काय केलं असतं तर ते टळलं असतं, एवढंच. सप्टेंबर 2011 मध्ये शेरीफने सांगितलं की त्या दरीत इतक्या खालून उडण्याची काही गरज नव्हती, आणि मॅकरेने ते केलं नसतं तर हे मृत्यू टळू शकले असते. गावच्या हिरोबद्दल, त्याच्याच गावाला ऐकवलेले हे शब्द. त्याला शिवी कोणी दिली नाही आणि झाकून घेतलंही नाही.

मला घरच्या वादात कमी पडतं ते हे. संयम नव्हे. ब्रिटनचा तपास विभागही वाहतूक खात्याखालीच येतो, आपला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली; तेव्हा 'तिकडचे तपासनीस स्वतंत्र, आपले सरकारी' हा ग्रुपवरचा लाडका मुद्दा निम्माच खरा. फरक पुढच्या पायरीचा आहे. अहवालानंतर नातेवाइकांना उघडपणे प्रश्न विचारता येतील अशी खोली असली, तर माणसं थांबतात. ती नसली तर पहिल्या दिवशीच न्याय उरकून घेतात, कारण पुढे कोणी विचारणार नाही याची त्यांना खात्री असते.

मोटरस्पोर्टमध्ये तर ही खोली नसणं जास्तच जाणवतं. जानेवारी 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर के. ई. कुमार हा अनुभवी रेसर गेला, ऑगस्टमध्ये त्याच ट्रॅकवर बंगळूरुचा 13 वर्षांचा मुलगा बाइकच्या शर्यतीत. दोन्ही वेळा आमच्या ग्रुपवर शोक दोन दिवस टिकला. तेरा वर्षांच्या मुलाला कोणत्या नियमाने तिथे उतरवलं, हे विचारणाऱ्याला 'आता त्या आईबापांना त्रास देऊ नका' असं उत्तर मिळालं. मला वाटतं, त्या आईबापांनाच ते सगळ्यात आधी विचारायचं असेल.

मावसभावाला हे सगळं पटलेलं नाही. "चार वर्षं? तोवर म्हातारे वडील राहतात का?" असं तो विचारतो. त्याच्या हाती एक हुकमाचा पत्ता मीच दिला. ग्लासगोच्या क्लथा नावाच्या पबवर 29 नोव्हेंबर 2013 ला पोलिसांचं हेलिकॉप्टर पडून दहा माणसं गेली. त्याची न्यायालयीन चौकशी सुरू व्हायलाच एप्रिल 2019 उजाडला. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.