पटावर तेवीस, पंगतीत चोवीस

आमच्या शाळेच्या पटावर तेवीस मुले होती आणि रोज चोवीस हजर असत. पटापेक्षा हजेरी कमी का, याची चौकशी होते हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलो आहे. पण हजेरी पटापेक्षा जास्त कशी, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही आणि मला मात्र ते वर्षभर तयार ठेवावे लागले.

माणदेशातल्या एका वस्तीवरची ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. दोन खोल्या, एक कडुनिंब, एक हातपंप आणि दोन शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला पट १५० च्या वर जावा लागतो. वस्तीवरच्या शेळ्या धरल्या असत्या तरी हा आकडा गाठणे कठीण होते, म्हणून दोघांतला सेवाज्येष्ठ या नात्याने मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडे आला. पदभार म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, दोन शिक्के आणि गावात जे काही बिघडेल त्याचा जाब. पहिली-दुसरीची बारा मुले माझ्या सहकारी बाई सांभाळत आणि तिसरी-चौथीची अकरा मी.

चोविसावा होता तो चौथीतल्या मॉनिटर मुलीचा धाकटा भाऊ, वय वर्षे तीन. आई डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाई, त्यामुळे पाठीवर दप्तर आणि कडेवर भाऊ अशा थाटात ही मुलगी रोज शाळेत येई. ओढ्यापलीकडे अंगणवाडी होती आणि रीतसर त्याची जागा तिथेच होती. परंतु एकच दिवस बसून त्याने ती संस्था कायमची नाकारली. आमच्याकडे तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत स्वतःच्या मर्जीने वावरत असे, त्यामुळे तो एकाच वेळी चारही इयत्तांत शिकत होता. अंगात शर्ट नेहमी असे. चड्डीची हमी देता येत नसे.

त्याच्यामुळे पहिला घोळ हजेरीत झाला. मी कोणताही क्रमांक पुकारला की तो "हजर गुर्जी" असे ठणकावून सांगे, आणि त्याचा आवाज वयाच्या मानाने इतका दणदणीत होता की बाजाराला गेलेली मुलेसुद्धा माझ्या हजेरीपत्रकावर वर्गात बसलेली दिसत. म्हणून मी डोकी मोजून त्यांतून एक वजा करण्याची पद्धत सुरू केली. एकदा तो तापाने घरी होता आणि सवयीने मी तेव्हाही एक वजा केला. तेवढ्याने एका मुलाचा तांदूळ कमी शिजला. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ असा पोषण आहाराचा हिशोब आहे आणि मुख्याध्यापकपदाने माझी एवढी अधोगती केली आहे की एखादे मूल आले नाही तर ते आजारी आहे का, हा विचार मनात येण्याआधी १०० ग्रॅम शिल्लक राहिल्याचे डोळ्यांपुढे येते.

आता २०२४ च्या पहिल्या आठवड्याचीच हकीकत सांगतो.

१ जानेवारीला सोमवार होता. परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका एवढे झाले की सुविचार आणि बातम्या येतात. राज्यगीताची अधिकृत लांबी १ मिनिट ४१ सेकंद आहे. आमची मुले थंडीमुळे ते मिनिटभरात संपवतात. सुविचार लिहिण्याची पाळी ज्याच्यावर होती त्याने "रोज दात घासावेत" असे लिहिले. गेल्या आठवड्यातही तेच होते, आणि ज्याने ते लिहिले त्याच्याकडे पाहता ते अजून अमलात यायचे होते.

बातम्यांचे आमच्याकडे निराळेच असते. वस्तीवर वर्तमानपत्र दुधाच्या गाडीबरोबर दुपारी येते, त्यामुळे सकाळच्या बातम्या मुले आपापल्या जबाबदारीवर आणतात. या खात्याचा प्रमुख तिसरीतला एक मुलगा होता. त्याला शुद्धलेखन येत नसे, पण वस्तीतले काहीही त्याच्यापासून लपून राहत नसे. त्या सोमवारी त्याने तीन बातम्या सांगितल्या. पहिली, त्यांच्या शेळीला दोन करडे झाली, त्यांतली एक पाठ आणि एक बोकड. दुसरी, कोणाच्या तरी आजोबांनी रागाच्या भरात टीव्हीचा रिमोट विहिरीत टाकला. तिसरी अशी की, "काल सांच्याला गुर्जींच्या गाडीतलं पेट्रोल माळावर संपलं आन् त्येंनी ती ढकलत न्हेली." शेवटच्या बातमीनंतर दोन मिनिटांचे मौन होते. ते मी कधी नव्हे एवढे मनापासून पाळले, परंतु पहिल्याच मिनिटात चोविसाव्याने "गुर्जी, एकीला जाऊ?" असे विचारून ते मोडले.

मंगळवारविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी त्या दिवशी जेवणानंतर असते. गोळीवर साखरेचा मुलामा असतो, मुले तो चोखून संपवतात आणि खरा औषधाचा भाग सुरू झाला की कडुनिंबाच्या दिशेने निघतात. कडुनिंब अतिशय सुदृढ आहे. चोविसाव्याला गोळी देणे नियमात बसत नव्हते, म्हणून त्याच्यासाठी मी खिशात लिमलेटची गोळी ठेवत असे.

बुधवारी ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातले, तेव्हा कार्यक्रम साधा करून चालत नाही. सावित्रीबाई शाळेकडे निघाल्या आहेत आणि वाटेत सनातनी मंडळी त्यांच्यावर शेण फेकत आहेत, असा प्रवेश बसवायचे बाईंनी ठरवले. सावित्रीबाईंची भूमिका मॉनिटर मुलीकडे आली. शेण फेकणाऱ्यांच्या चार भूमिकांसाठी मात्र शाळेतल्या झाडून सर्व मुलांनी हात वर केले आणि त्यांत दोन मुलीही होत्या. शेणाऐवजी कागदाचे बोळे वापरावेत अशी स्पष्ट सूचना मी दिली होती. तिचे पालन झाले, फक्त बोळ्यांना वजन यावे म्हणून ते आधी गोठ्यात बुडवून आणण्यात आले होते.

आईचे लुगडे नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून, हातात पुस्तक घेऊन सावित्रीबाई आल्या. त्यांच्या कडेवर भाऊ होता. त्याला खाली ठेवायचे प्रयत्न दोनदा झाले होते आणि दोन्ही वेळा त्याने एवढा आकांत केला की इतिहासाला थोडी मुरड घालणे भाग पडले. पहिला बोळा सावित्रीबाईंच्या खांद्यावर बसला. तोवर हा प्रकार शांतपणे पाहणारा चोविसावा कडेवरून घसरून खाली उतरला, थेट समोरच्या सनातन्यापाशी गेला आणि त्याने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. उरलेले तीन सनातनी पळाले. सावित्रीबाईंनी लुगडे सावरत "भावा, सोड त्येला, नाटाक हाय!" असे ओरडून सांगितले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. हा शेवट ठरवलेला होता असेच सगळ्यांना वाटले आणि बाईंनी तसे वाटू दिले.

बुधवार हा तेव्हा आमचा अंड्याचाही दिवस होता. आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यावे, आणि जे खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरात झाला होता. कागदावर हे सोपे दिसते. पहिल्या बुधवारी आमच्याकडे केळे घेणारा एकच होता, माळकऱ्याच्या घरचा. त्याचे केळे मोठे आणि छान पिवळे निघाले हे पाहून दुसऱ्या बुधवारी माळकरी सात झाले. मी पुढल्या वेळी केळी वाढवून आणली तर ती बारकी निघाली आणि सहा जण जागच्या जागी माळ उतरवून अंड्याकडे परतले. या जानेवारीच्या बुधवारी तर खऱ्या माळकऱ्यानेच माझ्याजवळ येऊन, आजोबांना सांगणार नसाल तर एकदा अंडे बघायचे आहे, असे हळूच सांगितले. मी त्याला फक्त बघू दिले. चोविसाव्याचा हक्क अंड्यावरही नव्हता आणि केळ्यावरही नव्हता. तो दोन्हींचा खर्च माझ्या खिशातून करीत असे.

खिचडीची व्यवस्था मात्र मी नियमात बसवली होती. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावी आणि चव नोंदवहीत ती लिहावी, असा दंडक आहे. ही चवीची वाटी माझ्या हक्काची. स्वयंपाकीण मावशी ती आणून टेबलावर ठेवीत, आणि मी पेनाचे टोपण काढेपर्यंत चोविसावा ती टेबलाखाली बसून संपवीत असे. वाटी चाटूनपुसून परत आली की मी "चव उत्तम" असे लिहीत असे. जूनपासून जानेवारीपर्यंत माझ्या वहीत दुसरा शब्द नव्हता. एकाच खिचडीवर रोज नवे मत मांडायचे म्हटले तर समीक्षकाचीच नोकरी करावी लागेल, आणि तेव्हाच्या महिना २५०० रुपयांच्या मानधनात चुलीपुढे डोळे लाल करून घेणाऱ्या बाईच्या खिचडीवर समीक्षा लिहिण्याइतका मी धीट नाही.

गुरुवारी तालुक्याच्या गावचा बाजार असतो. त्या दिवशी शाळेत कोण येईल हे हरभऱ्याचा आणि कोंबड्यांचा भाव ठरवतो. साडेअकरापर्यंत नऊ मुले होती आणि चोविसावा एकटाच, बहिणीशिवाय चालत आला होता. आई बाजारी गेली होती आणि बहिणीला शेळ्यांसाठी घरी ठेवले होते, ही माहिती बातमीदाराकडून मिळाली. थोड्या वेळाने ती भाऊ हरवला म्हणून रडत, चार शेळ्यांसह शाळेत आली. भाऊ खडूने फरशीवर रेघा मारीत होता. ती हजेरीत धरली गेली, शेळ्या व्हरांड्यात बांधल्या, आणि अपूर्णांक शिकवण्यात मी गुंतलो असताना त्यांतल्या एकीने दोर तोडून टेबलावरच्या चव नोंदवहीचे डिसेंबरचे अर्धे पान खाल्ले. तिचे मत नोंदवता आले नाही.

नेमके शुक्रवारी साहेब तपासणीला आले. त्यांनी डोकी मोजली, पट पाहिला, पुन्हा मोजली. "कमी असती तर मी समजू शकलो असतो," ते म्हणाले, "जास्त कशी?" मग त्यांनी चोविसाव्याला जवळ बोलावून नाव विचारले. त्याने "हजर" असे सांगितले. इयत्ता विचारल्यावर बाकीची मुले एका सुरात म्हणाली, "सगळ्या!" साहेब भला माणूस. त्यांनी त्याला अंगणवाडीत घालण्याची तोंडी सूचना देऊन तो विषय मिटवला आणि चव नोंदवही उघडली. डिसेंबरच्या पानावरचे दातांचे ठसे पाहून ते काही क्षण बोलले नाहीत. नंतर मात्र म्हणाले, "गुरुजी, वर्षभर 'उत्तम'? एक दिवस तरी मीठ कमी-जास्त झालं असेल की नाही? खरं लिहीत चला." मी त्यांच्या देखत, त्यांच्या समाधानासाठी, त्या दिवसाच्या रकान्यात "मीठ किंचित जास्त" असे लिहिले. खिडकीबाहेर बातमीदार उभा होता, हे मला नंतर कळले.

शनिवारी सकाळची शाळा. तारीख ६ जानेवारी. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' सुरू केले, म्हणून हा पत्रकार दिन. दिनविशेषात मी स्वतः ही माहिती सांगितली आणि खऱ्या पत्रकाराने कोणाची भीड ठेवू नये असे दोन शब्दही बोललो. त्यानंतर बातमीदार पुढे आला. त्याची ठळक बातमी अशी होती : "गुर्जींनी साह्यबाम्होरं वहीत लिवलंय का मावशीच्या खिचडीत मीठ जास्त असतंय." मावशी चुलीपाशी भांडी मांडत होत्या. त्यांनी हातातले पातेले खाली ठेवल्याचा आवाज पसायदान संपेपर्यंत माझ्या कानात घुमत राहिला.

त्या दिवशी खिचडी वेळेवर शिजली. मावशींनी पंगत मांडली, सर्वांना वाढले आणि माझ्यापुढे चवीच्या वाटीशेजारी मिठाची अख्खी पिशवी आणून ठेवली. "घ्या, आता तुमच्या मापानं टाका," एवढेच त्या म्हणाल्या. खिचडीत मिठाचा कणही नसणार हे मला उमगले, सर्व मुलांना उमगले आणि तेवीसच्या तेवीस जण हात न लावता माझ्या तोंडाकडे पाहू लागले. चोविसाव्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने नेहमीप्रमाणे टेबलाखालून हात घालून वाटी ओढली, पहिला घास तोंडात टाकला, थबकला आणि डोके बाहेर काढून सगळ्या शाळेला ऐकू जाईल असे म्हणाला, "गुर्जी, आळणी!"

आधी बाई हसल्या, मग मुले, आणि शेवटी पदर तोंडाला लावून मावशी. मिठाची पिशवी त्यांनीच उचलली, पातेल्यात मूठभर टाकले आणि सगळ्यांच्या ताटल्या गोळा करून खिचडी पुन्हा ढवळली. "इतकं दीस चव ह्योच बघत हुता व्हय?" त्यांनी मला विचारले. मी उत्तर दिले नाही. वही उघडली आणि ६ जानेवारीच्या रकान्यात "चव उत्तम" असे लिहिले. शेजारी पालकांच्या सहीचा रकाना असतो. पालक सगळे बागेत होते म्हणून मी तो रिकामा ठेवणार होतो, तेवढ्यात चोविसाव्याने वहीवर हात टेकून माझ्या मांडीवर चढण्याचा प्रयत्न केला आणि रकान्यात बरोबर मधोमध हळदीच्या चार बोटांचा ठसा उठला. ओल्या फडक्याने तो पुसायला गेलो, तर आदल्या दिवसाचे "मीठ किंचित जास्त" तेवढे पुसले गेले.