‘अठरा झाले, शाळेचा संबंध संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. तिन्ही वेळा खाली अंगठ्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा: दिव्यांग मुलांना मोठेपणीच्या आयुष्यासाठी तयार कसं करायचं याचं प्रशिक्षण शिक्षकांना देणं ही नवी टूम आहे. शिक्षकाने अभ्यासक्रम शिकवावा. पुढे आईवडील आहेत, चार टक्के आरक्षण आहे. अठराव्या वर्षी शाळेचा संबंध संपतो. आणि विशेष शिक्षकांचं बी.एड. झालेलंच असतं, त्यांना अजून काय शिकवता?

नागपुरात बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवता शिकवता माझी बावीस वर्षं गेली. मेसेजमागचा वैताग मला कळतो. ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात शिकवायचं, त्यात कोणी ‘प्रशिक्षण’ म्हटलं की डोकं फिरतंच. पण मुद्दे चुकीचे आहेत. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो माझ्याच अंगावर येतो.

बी.एड. झालंय, हे खरं. सक्करदऱ्याच्या एका मुलाला मी तीन वर्षं पैशांचा व्यवहार शिकवला. पुठ्ठ्याच्या नोटा, प्लास्टिकची नाणी, वर्गातच मांडलेलं लुटुपुटुचं दुकान. प्रगतिपुस्तकावरचा ‘साध्य’ हा शेरा माझ्याच हातचा. तो सतरा वर्षांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा खऱ्या किराणा दुकानात नेलं. बिल ३७ रुपये. त्याने ५० ची नोट बरोबर काढली. दुकानदार म्हणाला, “चिल्लर नाही ना भाऊ, फोनपे करून दे.” पोरगा जागच्या जागी थिजला. नोट तशीच हातात, नजर माझ्याकडे. मागची बाई पुढे सरकली, स्कॅन करून निघूनही गेली. माझ्या वर्गातल्या दुकानात चिल्लर कधी संपतच नव्हती, त्याला तो बिचारा काय करणार?

एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जमत नाही, हे आम्ही शिकताना पाठ केलं होतं. पण वर्ग बाजारात कसा न्यायचा, दुकानदाराला आधी काय सांगून ठेवायचं, आपली मदत कोणत्या दिवशी कमी करायची, हे मला कोणी करून दाखवलं नव्हतं. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे, गुण लागतातच. ते आपण हॉलमध्ये बसून, स्लाइड बघत, समोसा खात जमवतो. तेच तास रस्त्यावर घालवायचे, एवढंच मागणं आहे. शहरात दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, आपलं सीआरसी, आहे; तेव्हा सोयच नाही असंही कोणी म्हणू नये.

‘अभ्यासक्रम शिकवावा.’ बरं. माझ्या एका विद्यार्थ्याला हिंगणा एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळालं. पॅकिंग तो दोन दिवसांत शिकला. जाण्यायेण्याला सहा आठवडे लागले. अजनी चौकातून मेट्रो, सीताबर्डीला बदल, मग लोकमान्य नगर. पहिला आठवडा मी त्याच्या शेजारी, दुसरा आठवडा त्याच डब्यात पण दूर, नंतर नुसती स्टेशनवर. गाडीची भीती त्याला कधीच नव्हती. सीताबर्डीला तो लोकांच्या लोंढ्यामागे बाहेर पडायच्या गेटकडे जायचा, तिथे गाडं अडायचं. हे मला चौथ्या दिवशी लक्षात आलं. मग त्याच्या मनगटाला लोकमान्य नगरला जाणाऱ्या मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनच्या रंगाची पट्टी बांधली आणि तोच रंग पाटीवर शोधायला शिकवलं. हा अभ्यासक्रम नसेल तर कशाला म्हणायचं?

आईवडिलांचा मुद्दा सगळ्यांत धोकादायक, कारण तो ऐकायला चांगला वाटतो. मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान. मग आईची सही आपोआप चालत नाही. एका आईला बँकेतून परत पाठवलं, ती थेट शाळेत आली: “माह्या पोट्ट्याची माय आहो मी, अन् मलेच कागद मागून रायले!” स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्या दिवशी मला हे नीट सांगता आलं नाही. उलट बाजूही आहे. प्रत्येकाला असा कायदेशीर पालक नेमायची गरज नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. त्यात निर्णय दिव्यांग व्यक्तीशी बोलून, मिळून घ्यायचा असतो. हा फरक न कळणारा शिक्षक सगळ्यांना एकच सल्ला देतो, आणि जो स्वतः ठरवू शकला असता त्याच्याही हातातून निर्णय जातो. शिवाय आईवडील म्हातारे होतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे धरलेलंच नाही.

आरक्षणाचं लवकर संपवते. चार टक्के आहे, पण सरकारी नोकऱ्यांत. त्यातला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. तोही पात्रता आणि परीक्षा पार केल्यावर.

आता अठराचा आकडा. दिव्यांग मुलांना कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयापर्यंत आहे, म्हणजे तारखेपुरता मेसेज बरोबर. म्हणून तर तयारी आधी व्हायला हवी. अमेरिकेच्या कायद्यात मूल सोळाचं होईपर्यंत त्याच्या शिक्षण आराखड्यात पुढच्या आयुष्याचं नियोजन यावंच लागतं, आणि त्या चर्चेला मुलालाही बोलवावं लागतं. मी पाहिलेल्या शाळांत हा विषय निघतो तो निरोप समारंभाच्या आठवड्यात, समोसे किती मागवायचे याच्या जोडीला.

येत्या गुरुवारी चौदा वर्षांची तीन मुलं घेऊन मी गोकुळपेठ बाजारात जाणार आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाला यायचं असेल तर सकाळी दहाला या. मुलांना आयती द्यायला चिल्लर मात्र आणू नका.