डॉक्टरची वारस नोंद

कोल्हापुरात वाद घालायला विषय कुठलाही चालतो, टेकायला जागा मात्र लागते. ती जागा म्हणजे राजारामपुरीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढचा कट्टा. वडिलांनी तो गिऱ्हाइकांना बसता यावं म्हणून बांधला. गिऱ्हाइकं आता उभी असतात. बसलेले असतात ते चौघं, आणि त्या चौघांनी मिळून आजवर मला दिलेला धंदा म्हणजे एका पॅनकार्डाची झेरॉक्स. तीही रंगीतचा भाव विचारून साधी काढून घेतली.

चौघांतले एक निवृत्त झालेले फिजिक्सचे सर. दुसरा समोरचा मेडिकलवाला, दुकान पोरावर सोपवून येतो. तिसरा पैलवान. तालमीची पायरी चढून त्याला जमाना झाला, पण कोल्हापुरात हे नाव एकदा पडलं की कुणी काढून घेत नाही. चौथी माझ्या मेहुणीची मुलगी, आर्किटेक्चरला आहे. बाकीच्या तिघांना मी कधी तरी उठवेनही, पण ही ‘काका’ म्हणते आणि संध्याकाळी आमच्याच घरी जेवते. त्यामुळं तो मार्ग बंद.

या चौघांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे ‘डॉक्टर हू’ ही इंग्रजी मालिका. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण मला ते रोज कुणाला तरी सांगावं लागतं. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर ती सुरू झाली. परग्रहावरचा एक गृहस्थ निळ्या रंगाच्या पोलीस बॉक्समध्ये बसून काळात आणि अवकाशात हिंडतो. बॉक्स बाहेरून टेलिफोनच्या खोक्याएवढा, आत मंगल कार्यालय. (आमच्याकडच्या फ्लॅट स्कीमचं नेमकं उलट असतं.) हा डॉक्टर मरायला टेकला की मरत नाही, नवा चेहरा घेऊन उठतो. ही युक्ती निघाली १९६६ साली. पहिला नट विल्यम हार्टनेल तब्येतीनं थकला, पण मालिका चांगली चाललेली, ती कोण बंद करणार? म्हणून माणूस बदलला आणि डॉक्टर तोच ठेवला.

परवा एक बाई हॉस्पिटलची फाईल घेऊन रांगेत उभ्या होत्या. मेडिकलवाला तावातावानं सांगत होता, “डॉक्टर गेला तरी अडत नाही हो, त्याच जागी लगेच दुसरा उठून बसतो!” बाईंनी फाईल छातीशी धरली आणि कुठलं हॉस्पिटल म्हणून विचारलं.

चेहरे बदलत गेल्यामुळं ज्याचा त्याचा डॉक्टर वेगळा. सर टॉम बेकरचे. तो १९७४ ते ८१ अशी सात वर्षं होता आणि त्याच्या गळ्यात भला लांब मफलर असायचा. मुलाकडं इंग्लंडला गेले होते तेव्हा सरांनी त्याच्या डीव्हीडी बघून काढल्या, आणि तेव्हापासून मे महिन्यातसुद्धा त्यांचा गळा उघडा दिसत नाही. मेडिकलवाला डेव्हिड टेनंटचा. पैलवान पीटर कपाल्डीचा, कारण “गडी रागीट हाय, उगं हसत न्हाई.” भाची जोडी व्हिटेकरची, २०१८ साली आलेली पहिली बाई डॉक्टर. मालिकेनं पुढं काय करावं यावर चौघांची चार मतं आहेत, आणि नीट कान देऊन ऐकलं की कळतं, प्रत्येकाला पुढं म्हणजे मागंच जायचंय. मेडिकलवाल्याला २००८ साल परत पाहिजे. त्या साली टेनंट होता, हे खरं. त्या साली मेडिकलवाल्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

हे सगळं एरवी झेपलं असतं. पण ३१ मे २०२५ ला घोटाळा झाला. त्या दिवशीच्या भागात शुटी गटवा हा पंधरावा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी उभी राहिली बिली पायपर. आता ही बाई २००५ साली याच मालिकेत रोज टायलर म्हणून डॉक्टरची सोबतीण होती. म्हणजे आपण सोळावी डॉक्टर बघतोय, का रोज परत आली, का तिसरंच काही? त्यात शेवटच्या नामावळीत नुसतं ‘सादर करीत आहोत बिली पायपर’. मॅट स्मिथच्या वेळी, कपाल्डीच्या वेळी पुढं ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असं स्पष्ट लिहिलं होतं. इथं नाही. मग ऑक्टोबरात बातमी आली की डिस्नेनं भागीदारी सोडली. बीबीसीनं सांगितलं, मालिका चालूच राहील, २०२६ च्या नाताळात एक विशेष भाग येईल आणि तो रसेल टी. डेव्हिस लिहील. म्हणजे मधल्या काळात दाखवायला काही नाही आणि बोलायला मात्र रान मोकळं. नवे भाग येत असते तर निदान ते बघताना तरी चौघं गप्प बसले असते.

पहिला मोठा सामना विश्रांतीवर झाला. सर म्हणाले, “बंद करा. स्वच्छ बंद करा. १९८९ ला बंद पडली, मध्ये ९६ साली एक टेलिफिल्म सोडली तर सोळा वर्षं काही नव्हतं. म्हणून तर २००५ ला परत आली तेव्हा लोक तुटून पडले. परत सोळा वर्षं थांबायचं.”

“सर,” भाची म्हणाली, “सोळा वर्षांनी मी चाळिशीला टेकेन.”

“मग काय झालं?”

“आणि तुम्ही?”

सर रस्त्याकडं बघत राहिले. केएमटीची एक बस गेली, दुसरी गेली. मग म्हणाले, “आठ करूया.”

मेडिकलवाल्याचं म्हणणं, डेव्हिसच पाहिजे. त्यानंच २००५ ला मालिका उठवून बसवली, २०१० ला सोडून गेला, मधे मॉफॅट आणि चिबनल हे लेखक येऊन गेले आणि २०२३ ला हाच परत आला. “गुण आलेलं औषध कोण बदलतं का?”

“एक्सपायरी बघून देत जावा,” पैलवान म्हणाला. मेडिकलवाला दोन दिवस आला नाही. धंद्यावर बोललेलं लागतं माणसाला.

पैशाच्या बाबतीत पैलवानाचा सिद्धांत असा की डिस्ने गेली ते बरंच झालं. “पैसा आला आणि कथेला सूज आली. पूर्वी काय होतं? भिंतीला हात लावला तर सेट हलायचा. परग्रह दाखवायचा म्हटलं की खडीची खाण गाठायची.” हे खरं आहे, जुन्या भागांतले कितीतरी परग्रह इंग्लंडातल्या दगडाच्या खाणीच आहेत. “मग खाणी आपल्याकडं काय थोड्या हायत? आणा हिकडं शूटिंग. मोरेवाडीला चित्रनगरी हाय. पन्हाळ्यावर धुकं फुकट. जोतिबाला चैत्रात गेलं की अख्खा डोंगर गुलाबी, मंगळ दाखवायला रंगसुद्धा मारायला नको.”

सरांनीही इथं मान डोलावली. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार करून सिनेमे काढले, प्रभात १९२९ ला इथंच जन्माला आली, तेव्हा बीबीसीला जमत नसेल तर कोल्हापूर बघून घेईल, असा ठराव जवळजवळ मंजूर होत होता. तेवढ्यात भाचीनं विचारलं, डॉक्टर कुठली भाषा बोलेल? पुढचा तास पैलवान डेलेकांना कोल्हापुरी बोलायला लावत होता. सगळा जीव संपवून टाकायला निघालेले ते लोखंडी डबे “कंडकाच पाडतो!” म्हणत येताहेत, हे मला मान्य करावं लागेल, मूळ वाक्यापेक्षा भारी वाटलं. माझ्या काउंटरवर त्या वेळी एक पोरगा प्रोजेक्टच्या पाच प्रती बाइंडिंगला घेऊन उभा होता. त्याची ट्रेन होती. तोही ऐकत थांबला.

पण खरं रण पेटतं ते दत्तकावरून. २०२० साली मालिकेनं सांगून टाकलं की डॉक्टर ज्या ग्रहावरचा म्हणायचे, मुळात त्या ग्रहावरचा नाहीच. कुठंतरी बेवारस सापडलेलं पोर, तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईनं आणून वाढवलेलं, आणि पहिल्या डॉक्टरच्या आधीही त्याचे कितीतरी अवतार होऊन गेलेले. १९७६ साली मालिकेनंच नियम केला होता की बारा वेळा चेहरा बदलता येतो, म्हणजे एकूण तेरा जन्म. ते संपत आले तेव्हा २०१३ ला वाढवून दिले, तेही लोकांनी पोटात घातलं. पण हे दत्तकाचं पैलवानाला अजिबात खपलेलं नाही.

“पुसून टाका ते,” तो ओरडला. “आमचा डॉक्टर असा कुणीतरी आणून ठेवलेला व्हय? रक्ताचा न्हाई मग कसला वारसा?”

सर शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, “काय बोलालाय पैलवान. कुठल्या गावात बसून बोलालाय?”

“का?”

“१८८४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरातनं दहा वर्षांचं पोर दत्तक आलं. त्याच्यामुळं तुझ्या आज्जाला बोर्डिंगात राहून शिकता आलं.”

कट्टा चिडीचूप. शाहू महाराजांचं नाव निघाल्यावर कोल्हापुरात पुढचं वाक्य बोलायची कुणाची टाप नाही. पैलवानानं नुसती टोपी सरळ केली. दत्तकाचा मुद्दा आमच्या कट्ट्यापुरता निकालात निघाला. लंडनमध्ये अजून चालू असेल तर त्यांनी आमच्या सरांना विचारावं.

राहता राहिली बिली पायपर. तो प्रश्न सोडवला राधानगरीकडच्या एका आजोबांनी. ते सातबाऱ्याच्या प्रती काढायला आले होते, आणि मशीन तापायला वेळ लागतो तेवढ्यात त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“डॉक्टर गेला, एवढं नक्की?” त्यांनी विचारलं.

“गेला.”

“जाग्यावर बाई उभी हाय. नात्यातली?”

“सोबतीण होती. वीस वर्षांपूर्वी.”

“नाव लागलंय?”

“लागलंय,” भाची म्हणाली, “पण डॉक्टर म्हणून लागलेलं नाही. नुसतंच नाव.”

आजोबांनी आपला सातबारा काउंटरवर पसरला आणि उजव्या बाजूच्या रकान्यावर बोट ठेवलं. “मग ती इतर हक्कात हाय. भोगवटादार न्हवं.”

चौघं उठून उभे राहिले. बीबीसीनं जे केलं होतं ते इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“फेरफार धरलाय, मंजूर झालेला न्हाई,” आजोबा पुढं म्हणाले. “नोटीस काढायची, हरकती मागवायच्या, मग मंडळ अधिकारी सही करतोय. तुमच्यात तो कोण?”

“डेव्हिस,” मेडिकलवाला अदबीनं म्हणाला.

“मग तो नाताळात करतोय म्हणतोय न्हवं? थांबा की. माझी वारस नोंद तर आमची आई गेल्यापासनं लटकलीया.”

हरकती मागवायच्या असतात, हे शब्द मात्र चौघांच्या डोक्यात बसले. निवेदन द्यायचं ठरलं. सरांनी दाखला दिला की १९८५ साली मालिका दीड वर्ष थांबवली तेव्हा तिकडच्या चाहत्यांनी कलाकार गोळा करून निषेधाचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. पैलवान म्हणाला, गाणं कशाला, आपल्याकडं पद्धत हाय. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी चार दशकं लढलो, २०२५ च्या ऑगस्टात सर्किट बेंच आलंच की. बीबीसी काय त्यापेक्षा अवघड आहे?

निवेदन अर्थातच मी टाईप केलं, फुकट. मागणी एक: मालिका तातडीनं पूर्ववत सुरू करण्यात यावी. मागणी दोन, सरांची: मालिकेस किमान आठ वर्षं विश्रांती देण्यात यावी. मागणी तीन: श्री. डेव्हिस यांना मुदतवाढ द्यावी. मागणी चार: श्री. डेव्हिस यांना सन्मानपूर्वक निरोप द्यावा. मागणी पाच: जोडी व्हिटेकर यांस एका भागासाठी तरी बोलवावं. मागणी सहा: खाणी. खाली, “अन्यथा बिंदू चौकात तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपले कार्यालय जबाबदार राहील.” प्रत माहितीसाठी मा. जिल्हाधिकारी. मी एवढंच म्हणालो की दोन आणि एक, तीन आणि चार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सर म्हणाले, तुम्ही टायपिंग बघा.

भाचीनं इंग्रजीत भाषांतर करायची तयारी दाखवली. पैलवानाला ते पटलं नाही. “मराठीतच जाऊ दे. गरज त्यांची हाय, घेतील करून.”

सहीची वेळ आली तेव्हा आधी कोणाची यावर परत पेटलं. कुणी तरी त्रयस्थ अध्यक्ष पाहिजे म्हणून राधानगरीच्या आजोबांना गळ घातली. ते त्या दिवशी नोंदीची नवी नक्कल काढायला आले होते.

“मी? मी तर बघितलीच न्हाई तुमची मालिका.”

“बघा की मग, आजोबा,” भाची म्हणाली. “मी लावून देते मोबाईलवर.”

“नको,” आजोबा म्हणाले आणि कागद नीट घडी घालून बंडीच्या खिशात ठेवले. “वादातली मिळकत आपण बघायलाबी जात न्हाई.”

त्यांची अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली.